स्वीट-स्पायसी चिकन बाइट्स: प्लेट संपते, पैसे कुठे जातात?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गोड-तिखट ग्लेझवाले चिकन बाइट्स केले. व्हिडिओत सगळं पटापट दाखवावं लागतं, म्हणून वजनं, तापमान आणि कॉस्टिंग इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. रेसिपी कुठेही मिळेल, हिशेब मात्र स्वतःलाच करावा लागतो.

आधी एक किस्सा. आमच्या बॅचमधल्या एक ताई घरून स्टार्टर विकायच्या. हाताला चव उत्तम. बचत गटातून कर्ज काढून मोठी कढई, डीप फ्रीजर, डबे घेतले. डिलिव्हरी ॲपवर 8 तुकड्यांची प्लेट 150 रुपयांना लावली. रोज साधारण 15 प्लेट जायच्या, रेटिंग छान, घरचे खूश. दोन महिन्यांनी फोन आला, "सर, ऑर्डरी थांबत नाहीत, पण गटाचा हप्ता भरायला पैसे नाहीत. चोरी तर होत नाहीये ना?"

चोरी वगैरे काही नव्हती. त्या प्रत्येक प्लेटमागे स्वतःच्या खिशातून पैसे घालत होत्या. कसं, ते पुढे आकड्यांत बघूच. आधी पदार्थ समजून घेऊ, कारण अर्धं कॉस्टिंग तिथेच ठरतं.

चिकन घेताना काय मागायचं

दुकानात नुसतं "बोनलेस द्या" म्हटलं की बहुतेक वेळा छातीचं मांस मिळतं. दिसायला पांढरंशुभ्र, कापायला सोपं, पण दोनदा तळलं की कोरडं पडतं. आपल्याला तळण दोनदा करायचंय, म्हणून "लेगचं बोनलेस" किंवा "थाय बोनलेस" असं स्पष्ट मागा. त्यात चरबी थोडी जास्त असते, त्यामुळे मांस रसरशीत राहतं आणि ऑर्डर 20-25 मिनिटांनी पोहोचली तरी चोथा होत नाही.

घरी आणल्यावर चरबीचे गोळे, शिरा, निथळलेलं पाणी हे सगळं जातं. माझ्या काट्यावर 1.1 किलो आणलं की साफ माल साधारण 1 किलो भरतो. हे 100 ग्रॅम कॉस्टिंगमध्ये धरायला जवळजवळ सगळेच विसरतात.

तुकडे 20 ग्रॅमचे करा. म्हणजे किलोला 50. पहिले चार-पाच तुकडे काट्यावर टाकून बघा, मग डोळ्याला अंदाज येतो. एकसारखे तुकडे शोभेसाठी नाहीत हो! 15 ग्रॅमचा आणि 35 ग्रॅमचा तुकडा एकाच कढईत पडला की एक करपतो आणि दुसरा आतून कच्चा राहतो. कच्चं चिकन गिऱ्हाइकाच्या पोटात गेलं की तुमचं नाव संपलं.

1 किलो साफ चिकनला: मीठ 10 ग्रॅम, आलं-लसूण पेस्ट 30 ग्रॅम, एका लिंबाचा रस, तिखट आणि मिरपूड प्रत्येकी एक छोटा चमचा. हे लावून फ्रीजमध्ये दोन तास. मीठ यापेक्षा वाढवू नका, पुढे सोया सॉसमध्येही मीठ आहे. तळायच्या वेळी एक अंडं, 100 ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि 50 ग्रॅम तांदळाचं पीठ. मैदा मी मुद्दाम काढून टाकला. मैद्याचं कवच सुरुवातीला मऊसर-जाड होतं आणि ग्लेझ लागला की पटकन लगदा होतो. कॉर्नफ्लोअर आणि तांदळाच्या पिठात ग्लुटेन नाही, त्यामुळे कवच पातळ आणि ठिसूळ राहतं.

दोनदा तळायचं म्हणजे दोनदाच

पहिलं तळण 160 अंशांच्या आसपास, चार-साडेचार मिनिटं. यात चिकन आतपर्यंत शिजतं. जाड तुकडा फोडून नुसतं बघू नका, थर्मामीटर खुपसा. मध्यभागी 74 अंश सेल्सिअस दिसलेच पाहिजेत. हा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. मोठ्या कढईच्या आधी तो घ्या.

मग जाळीवर काढून पाच-दहा मिनिटं ठेवा. स्टीलच्या ताटात ढीग करू नका, खालचे वाफेनं भिजतात. या वेळात आतला ओलावा बाहेरच्या कवचात येतो. दुसरं तळण 185 अंशांवर, मिनिट-दीड मिनिट. त्यात हा ओलावा उडून जातो आणि कवच कडक होतं. कोरियात दाकगांगजंग नावाचा पदार्थ आहे, दोनदा तळून गोड पाकात घोळवलेलं चिकन. ते थंड झाल्यावरही कुरकुरीत लागतं, म्हणून तिथे लोक डबा भरून घरी नेतात. आपल्याला नेमका हाच गुण हवा आहे, कारण आपलं गिऱ्हाईक कढईशेजारी बसलेलं नाही.

दीड लिटर तेलात एका वेळी 250 ते 300 ग्रॅमच चिकन सोडा. घाईत सगळं एकदम टाकलं की तेल थंड पडतं, चिकन तळायच्या ऐवजी तेल पीत बसतं. तेलाचे पैसे जातात आणि प्लेटही तेलकट होते.

पार्टीची ऑर्डर असेल तर पहिलं तळण आधी उरकता येतं. पण मग तुकडे गार करून लगेच फ्रीजमध्ये जायला हवेत. ओट्यावर झाकून दुपारभर ठेवायचे नाहीत, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. दुसरं तळण देण्याच्या आधी.

ग्लेझ: इथे आपल्या मिरच्या कामाला येतात

बाटलीतला स्वीट चिली सॉस ओतून ग्लेझ करता येतो. पण मग तुमची प्लेट आणि शेजारच्या गल्लीतली प्लेट यात फरक काय राहिला? आपल्याकडे गूळ आहे, ब्याडगी आहे, संकेश्वरी आहे. त्यातूनच चव बनवा.

ब्याडगी मिरच्या 10-12, रंगासाठी. संकेश्वरी 4-5, तिखटपणासाठी. देठ-बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, बारीक वाटा. गूळ 150 ग्रॅम, 100 मिली पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका. गुळात उसाची चिपाडं, वाळूचे कण निघतात, आणि एक कण दाताखाली आला की फोटोसकट तक्रार येते.

कढईत एक मोठा चमचा तेल, 25 ग्रॅम बारीक चिरलेला लसूण मंद आचेवर. लसूण सोनेरी झाला की मिरचीचं वाटण. तेल सुटेपर्यंत परता, नाहीतर कच्चट वास राहतो. मग गुळाचं पाणी, 30 मिली सोया सॉस. पाच-सहा मिनिटं उकळू द्या. व्हिनेगर 30 मिली, सगळ्यात शेवटी. आधी घातलं तर त्याचा आंबटपणा वाफेबरोबर उडून जातो आणि ग्लेझ नुसता गोडमिट्ट लागतो.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? स्टीलची छोटी ताटली गार करून ठेवा, त्यावर एक थेंब टाका आणि ताटली तिरकी करा. थेंब पळाला तर अजून उकळायचा. हळूहळू सरकला तर झाला. जागचा हललाच नाही तर पाक पुढे गेला, दोन चमचे पाणी घालून मागे आणा. एकतारी पाक ज्यांना जमतो त्यांना हे सांगायला लागत नाही.

ग्लेझ घट्ट करायला कॉर्नफ्लोअरचं पाणी घालू नका. मंचुरियनच्या सवयीनं हात तिकडे जातो. मंचुरियनची ग्रेव्ही वेगळी, ती लगेच समोर खायची. कॉर्नफ्लोअरच्या ग्लेझमध्ये पाणी भरपूर राहतं आणि ते डब्यात बसल्याबसल्या कवच भिजवतं. आपला ग्लेझ पाणी आटवूनच घट्ट झाला पाहिजे.

पावसाळ्यासाठी एक बदल. गूळ हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तयार बाइट्स लवकर चिकट होतात. त्या दिवसांत 150 ऐवजी 110 ग्रॅम गूळ आणि 40 ग्रॅम साखर घ्या. चव तीच राहते, चिकटपणा कमी होतो.

ग्लेझ साधारण 250 ग्रॅम होतो. गरम बाइट्सवर गरम ग्लेझ, 20-30 सेकंद टॉस, वर भाजलेले तीळ आणि पातीचा कांदा. कढईत घोळवत बसू नका.

आणि रंग? नाही. लाल रंगाची डबी स्वयंपाकघरात ठेवूच नका. शेजारच्या कर्नाटकात 2024 मध्ये सरकारनं चिकन आणि फिश कबाबमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, ती तपासणीत नमुने खराब निघाल्यावर. ब्याडगी थोडी महाग पडते, पण 20 ग्रॅम मिरचीचे होतात किती? आठ-दहा रुपये. एवढ्यासाठी धंदा पणाला लावायचा नाही.

आता वही उघडा

खालचे भाव उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा करा. 1 किलो साफ चिकन, म्हणजे 50 तुकडे, म्हणजे 8-8 च्या 6 प्लेट आणि 2 तुकडे चवीला.

चिकन 1.1 किलो, 340 रुपये भावानं: 374
अंडं: 7
मॅरिनेशनचं साहित्य: 20
दोन्ही पिठं: 15
ग्लेझ, तीळ, पात मिळून: 50
तेल: 45
गॅस: 30
वाया जाणं, पडझड: 25

एकूण 566 रुपये. पॅकिंग वेगळं: डबा 8, टिश्यू-स्टिकर-टूथपिक 2, पिशवी 3, असे प्लेटमागे 13. म्हणजे 6 प्लेटचे 78. बेरीज 644. एका प्लेटला 107 रुपये आणि वर काही पैसे.

तेलाचे 45 कुठून आले, असं तुम्ही विचाराल. चिकन किलोला साधारण 100 ग्रॅम तेल पितं, ते 15 रुपये. उरलेलं तेल पाच किलो तळून झाल्यावर मी काढून टाकतो. कढईत राहिलेल्या त्या लिटरभर तेलाचे 150 रुपये पाच किलोवर वाटले की किलोला 30. तेलातले पोलर घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, म्हणून नाकाडोळ्यांवर भरवसा: तेल काळवंडलं, फेस धरायला लागलं, नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला, की संपलं. त्यात नवं तेल ओतून "ताजं" करायचं नाही.

गॅस व्यावसायिक सिलिंडरचा धरलाय. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही.

अजून मजुरी बाकी आहे. "सर, मीच करते, मजुरी कसली?" हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. उद्या ताप आला तर कोणाला तरी पैसे देऊनच बोलवाल ना? 5 किलोला चार तास लागतात. तासाला 100 धरले तर 400, म्हणजे किलोला 80, प्लेटला साधारण 13. आता प्लेट 121 रुपयांना पडली.

आता ताईंचा भाव लावून बघा. 150 रुपये. समजा ॲपचं कमिशन 25 टक्के, त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी. दोन्ही मिळून 29.5 टक्के, म्हणजे 44 रुपये 25 पैसे. हातात 105.75. नुसत्या साहित्याचा आणि पॅकिंगचा खर्च 107. म्हणजे मजुरी शून्य धरूनही दीड रुपया तोटा!

इथेच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण ॲपवरून फोन आला की ऑफर लावा, ऑर्डरी वाढतील. ताईंनी 20 रुपये सवलत लावली, स्वतःच्या हिश्शातून. प्लेट 130 ला गेली. कमिशन 130 वरच धरलं तरी हातात आले 91.65. तोटा पावणेसोळा रुपयांच्या आसपास. रोज 15 प्लेट, 50 दिवस, 750 प्लेट. गुणाकार तुम्हीच करा. पावणेबारा हजारांच्या घरात जातो. त्यात ताईंचे सगळे तास फुकट.

ऑर्डरी खरंच वाढल्या होत्या. म्हणूनच तोटाही वाढला.

मग भाव किती हवा? हातात 121 खर्च अधिक 30 तरी नफा, म्हणजे 151 यायला हवेत. 151 ला 0.705 नं भागा (100 मधून 29.5 गेले की 70.5 उरतात, म्हणून). उत्तर 214. म्हणजे ॲपवर 219 च्या खाली जायचंच नाही. इथे बरेच जण चूक करतात. 151 वर 29.5 टक्के चढवतात आणि 196 वर थांबतात. कमिशन विक्रीच्या भावावर कापलं जातं, तुमच्या खर्चावर नाही. म्हणून भागाकार, गुणाकार नाही. तुमच्या करारात कमिशनचा दर वेगळा असेल, आणखी काही शुल्क असतील, ते कागद वाचून मगच आकडा धरा.

ताई म्हणाल्या, "आमच्या भागात 219 कोण देणार?" खरंय. प्रत्येक वस्तीला एक आकडा असतो, त्याच्या वर लोक बोट पुढे सरकवतात. मग आम्ही प्लेट 6 तुकड्यांची केली. 48 तुकड्यांत 8 प्लेट. चिकनपासून मजुरीपर्यंत 646 भागिले 8, म्हणजे 81. पॅकिंग 13. एकूण 94. ॲपवर भाव 169. कापून हातात 119. प्लेटमागे 25 रुपये, आणि हे मजुरी सुटून.

फक्त एक पथ्य पाळायचं: तुकडे कमी केले तर मेन्यूत "6 नग" असं स्पष्ट लिहायचं. गुपचूप कमी केलेलं गिऱ्हाईक बरोबर मोजतं.

डब्यात काय घडतं

गरम बाइट्स बंद डब्यात टाकले की वाफ झाकणाला लागते आणि परत खाली गळते. डब्याला बारीक भोकं हवीत, तळाशी टिश्यू हवा. अंतर लांब असेल तर ग्लेझ वेगळ्या वाटीत द्या आणि स्टिकरवर लिहा: ओता, झाकण लावून हलवा, खा. मुलांना तर हे करायला मजाच येते. वर्तमानपत्राचा कागद मात्र कुठेही नको. छपाईच्या शाईमुळे त्यात अन्न बांधायला मनाई आहे.

एफएसएसएआय नोंदणीशिवाय पहिली प्लेटही विकू नका. फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो, घरगुती धंद्यालाही तो लागतोच, आणि 14 अंकी नंबर बिलावर टाकावा लागतो. उलाढालीची मर्यादा आणि फी पोर्टलवर त्या दिवशी जी दिसेल तीच खरी माना, जुन्या व्हिडिओंवर (माझ्यासुद्धा!) विसंबू नका.

श्रावणाचं काय?

हा प्रश्न महाराष्ट्रात धंदा करणाऱ्यानं मेमध्येच विचारायला हवा. गटारीला चिकनचा भाव चढलेला आणि ऑर्डरी तुफान. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, दुकानं ओस. मग गणपती, नवरात्र. फ्रीजर भरून ठेवलेला माल आणि चालू असलेलं कर्ज यांना श्रावण कळत नाही. त्यामुळे एक, गटारीच्या आठवड्यात सवलत अजिबात द्यायची नाही, तो कमवायचा आठवडा आहे. दोन, त्याच ग्लेझमध्ये पनीर, बेबीकॉर्न, मश्रूम बसवून ठेवा. पण कढई वेगळी, झारा वेगळा, तेल वेगळं. ज्या तेलात चिकन तळलं त्यात श्रावणातलं पनीर तळणं ही फसवणूक आहे, आणि वास लपत नाही.

अंगणातल्या पार्टीच्या, वाढदिवसाच्या ऑर्डरी थेट घ्या. तिथे कमिशन नाही. 8 तुकड्यांची प्लेट 180 ला दिली तरी 59 रुपये सुटतात, पोहोचवायचा खर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा. ॲपवरच्या प्रत्येक डब्यावर स्वतःचा नंबर टाकता येतो का, हे मात्र त्यांच्या अटी वाचून ठरवा.

ताईंनी 169 चा भाव लावल्यावर पहिल्या आठवड्यात ऑर्डरी 15 वरून 8 वर आल्या. घाबरून रोज फोन. मी एवढंच विचारलं, आज गल्ल्यात किती उरले? 200 रुपये, मजुरी वेगळी. आधी 15 प्लेट विकून रोज सव्वादोनशेच्या वर जात होते. चौथ्या आठवड्यात सोसायटीतल्या एका मुंजीच्या आदल्या रात्रीची 40 प्लेटची थेट ऑर्डर आली. गटाचे थकलेले दोन हप्ते त्यांनी एकदम भरले आणि मला पावतीचा फोटो पाठवला.

या रविवारी 1 किलोची एकच ट्रायल बॅच करा. साफ केल्यावर वजन, तळल्यावर वजन, वापरलेलं तेल आणि लागलेली मिनिटं, चारही आकडे लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत पनीरचं कॉस्टिंग करणार आहोत, तेव्हा हीच वही लागेल.